फ्रीबीएसडीत नेट दिसत नाही? आधी चिप बघ, मग कार्ड घे

अरे बाबा, फ्रीबीएसडी ह्या ऑपरेटिंग सिस्टीमवर नेट चालत नाही म्हणून लगेच पणजीला जाऊन नवीन नेटवर्क कार्ड आणू नकोस. आधी रूट (म्हणजे अ‍ॅडमिन) होऊन pciconf -lv ही कमांड चालव, ती कॉम्प्युटरात बसवलेल्या कार्डांची यादी दाखवते, आणि नेटवर्क कार्डाच्या ओळीच्या सुरवातीला none0, none1 असं काही येतं का बघ, त्याचा अर्थ कार्ड दिसतंय पण ड्रायव्हर (ते चालवणारा प्रोग्राम) बसलेला नाही. त्याच ओळीत व्हेंडर नंबर, म्हणजे चिप बनवणाऱ्या कंपनीचा नंबर असतो, ८०८६ असेल तर इंटेल, १०ईसी असेल तर रियलटेक. डब्यावरचं नाव बघून काही कळत नाही रे, ड्रायव्हर चिपला लागतो, डब्याला नाही. चिप कळली की त्या ड्रायव्हरचं मॅन पेज (सिस्टीममधलंच माहितीपान) उघड, त्यात हार्डवेअरच्या भागात कुठल्या चिप चालतात ते सरळ लिहिलेलं असतं.

आता नेटच नाही तर पॅकेज कसं उतरवणार, तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोड, टेदरिंग (फोनचं नेट कॉम्प्युटरला देणं) चालू कर, if_urndis हे मॉड्यूल लोड कर, ue0 नावाचं नेटवर्क दिसेल, त्यावर dhclient ही कमांड चालव, ती आयपी पत्ता घेते. फोंड्याला गेल्या पावसात वीज कडाडली नि माझा मदरबोर्डावरचा नेटवर्क पोर्ट गेला तेव्हा दोन दिवस मी ह्यावरच काढले.

रियलटेकसाठी पोर्ट्समध्ये (फ्रीबीएसडीच्या जादा सॉफ्टवेअरच्या संग्रहात) वेगळा केमॉड, म्हणजे कर्नलला जोडायचा ड्रायव्हर आहे, तो घातलास तर loader.conf ह्या सुरू होतानाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये त्याच्या ओळी टाक, आणि सिस्टीम अपग्रेड केल्यावर तो नव्या कर्नलचा (सिस्टीमच्या गाभ्याचा) आहे ना ते रीबूटच्या आधी बघच. कार्ड घ्यायचंच झालं तर इंटेलचं गिगाबिट घे, जुनं चालेल.