प्रमेय तोंडपाठ, तरी पेपरात अडतं

दहावीच्या मुलांचे पालक भूमितीबद्दल बहुतेक वेळा एकच तक्रार घेऊन येतात. प्रमेय घरी घडाघडा म्हणतं पोर, पेपरात मात्र दुसऱ्या-तिसऱ्या ओळीवर गाडी बंद पडते. स्मरणशक्ती कमी आहे का? सुभाषनगरात चपलांचं काम करणाऱ्या एका घरातल्या आईचाही हाच प्रश्न होता. मुलीचा बीजगणिताचा पेपर चांगला जायचा, भूमितीत चाळीसपैकी निम्मे गुणही कसेबसे पडायचे. “रोज पहाटे चारदा लिहितो मी,” मुलगी सांगत होती, “तरी आकृती बघितली की सगळं उडून जातंय.”

अडलेलं प्रमेय होतं समरूपतेच्या, म्हणजे आकार तोच पण माप लहानमोठं अशा आकृत्यांच्या, प्रकरणातलं, प्रमाणाचं मूलभूत प्रमेय. त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर असलेली रेषा उरलेल्या दोन बाजूंना भिन्न बिंदूंत छेदत असेल, तर ती त्या बाजूंना एकाच प्रमाणात विभागते. त्रिकोण एबीसी, बीसीला समांतर रेषा एबीला पी मध्ये आणि एसीला क्यू मध्ये छेदते; सिद्ध करायचं एपी : पीबी = एक्यू : क्यूसी.

कोऱ्या कागदावर तिनं सिद्धता लिहिली. शब्दन्‌शब्द बरोबर. मग तोच त्रिकोण टोक खाली करून काढून दिला, अक्षरं बदलून डीईएफ केली. पेन थांबलं. स्मरणशक्तीत काही खोट नव्हती. तिनं ओळी पाठ केल्या होत्या आणि त्या ओळी एका ठरावीक चित्राला चिकटल्या होत्या.

मूळ आकृतीवर परत येऊन एकच विचारलं: ‘त्रिकोण एपीक्यू आणि पीक्यूबी यांची उंची समान’ असं तू लिहिलंस, ती उंची बोटानं दाखव. तिनं बोट ए वरून सरळ खाली पीक्यूवर आणलं. घोळ इथेच होता. या दोन त्रिकोणांचे पाया धरायचे एपी आणि पीबी, दोन्ही एबी या एकाच रेषेवरचे. म्हणून उंची म्हणजे क्यू पासून एबीवर टाकलेला लंब, तिरका. पीक्यूबीमध्ये पी हा कोन विशाल असेल तर त्या लंबाचा पाय त्रिकोणाच्या बाहेर पडतो. उंची आतच आणि उभीच असते अशी सवय लागलेल्या मुलांना ती दिसतच नाही, आणि न दिसलेली गोष्ट पाठ करावी लागते.

दुसऱ्या भेटीला आलेखाचा कागद घेतला. बीसी १२ सेंमी. बी पासून ३ सेंमी उजवीकडे आणि ९ सेंमी वर ए. ए च्या ३ सेंमी खाली बीसीला समांतर रेषा. पी आणि क्यू बरोबर एक सेंमीच्या चौकटींच्या कोपऱ्यांवर येतात आणि पीक्यू भरते ४ सेंमी. तिनं मोजलं: एपी ३.२, पीबी ६.३, एक्यू ४.२, क्यूसी ८.५. दोन्हीकडे साधारण १ : २. मिलिमीटरभर इकडेतिकडे होतंच, म्हणून मोजणीला सिद्धता म्हणत नाहीत. मग क्षेत्रफळं: एपीक्यू ६ चौ.सेंमी, पीक्यूबी १२, पीक्यूसीही १२. क्यू पासून एबीवरचा लंब गुण्यानं काढला, ३.८ सेंमी आला, एपीच्या बाजूला, पीक्यूबीच्या बाहेर. दोन्ही त्रिकोणांना तोच लंब, म्हणून क्षेत्रफळांचं प्रमाण म्हणजे पायांचंच प्रमाण.

“बाजूंचं प्रमेय आहे, मग क्षेत्रफळ मध्येच कशाला?” तिनं विचारलं. हा प्रश्न मुलांनी विचारायलाच हवा. प्रमाण १ : २ असेल तर समान अंतरावर समांतर रेषा काढूनही भागतं. पण १ : √२ असेल तर कितीही बारीक समान तुकडे केले तरी ते दोन्हीकडे पूर्ण बसत नाहीत. क्षेत्रफळाच्या वाटेत हा अडथळाच येत नाही. प्राचीन ग्रीक गणिती युक्लिडनंही ‘एलिमेंट्स’च्या सहाव्या ग्रंथात आधी समान उंचीच्या त्रिकोणांच्या क्षेत्रफळाचं विधान ठेवलं आणि लगेच दुसरं हे. पाठ्यपुस्तकातही प्रकरणाची सुरुवात क्षेत्रफळांच्या गुणोत्तरानं होते ती याचसाठी. घाईत ते पान उलटून मुलं पुढे जातात.

यानंतरचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: समांतर असणं नेमकं कुठे वापरलं? ती पहिल्या ओळीपासून शोधू लागली. पहिली पायरी, ए(एपीक्यू) : ए(पीक्यूबी) = एपी : पीबी (कंसाआधीचा ए म्हणजे क्षेत्रफळ), रेषा समांतर नसली तरी खरी. दुसरी, क्यूसीकडची, तीही. पीक्यू हा समान पाया, बी आणि सी त्यापासून सारख्याच अंतरावर, म्हणून पीक्यूबी आणि पीक्यूसी यांची क्षेत्रफळं सारखी, आणि त्यामुळे दोन्ही प्रमाणंही सारखी: फक्त इथे समांतर लागतं. पटावं म्हणून क्यू एसीवरच एक चौकट उजवीकडे, एक खाली सरकवला. पीक्यूबी आणि पीक्यूसीची क्षेत्रफळं झाली १६ आणि १०. तिनं दोनदा मोजून पाहिलं. आकडे बघून आई म्हणाली, “म्हणजे सगळा भार या एका ओळीवर.” अगदी तेच.

गुण जातात ते ठरलेल्या जागी. बीक्यू आणि पीसी जोडल्याचं ‘रचना’ म्हणून लिहायचं राहतं. कंसातली कारणं गळतात. एपी : पीबीच्या जागी एपी : एबी पडतं. आणि काही मुलं कोन-कोन कसोटी (दोन कोन जुळले की त्रिकोण समरूप) लावून दोन ओळींत मोकळी होतात. पण त्या कसोटीची सिद्धता याच प्रमेयाच्या आधारानं दिली जाते, मग फिरून तिथेच येतो आपण.

घरी पहाटेचं चारदा लिहिणं बंद करायला सांगितलं. त्याऐवजी दिवसाआड एकदाच, दर वेळी आकृती वेगळ्या बाजूला कललेली, अक्षरं नवी, आणि लिहिण्याआधी तीन गोष्टी रंगीत पेन्सिलीनं: क्यू पासूनचा लंब, पी पासूनचा लंब, दोन समांतर रेषांमधलं अंतर. एका वेळेला पंधरा मिनिटं, जास्त नाही. आईनं फक्त एवढं विचारायचं: समांतर कुठे वापरलंस?

तिसऱ्या भेटीला ती वडिलांच्या साच्याच्या उरलेल्या पुठ्ठ्यावर त्रिकोण कापून घेऊन आली, टोक डावीकडे. एपी : एबीची चूक अजून एकदा झाली, ती तिनंच पकडली. लंब मात्र सगळ्यात आधी काढला होता, त्रिकोणाच्या बाहेर, तुटक रेषेनं.