क्षमा केली, म्हणजे पुन्हा उसने द्यायलाच हवेत का?

आमच्या चर्चमधल्या एका बाईच्या थोरल्या भावाने दोनदा उसने नेलेले पैसे परत केले नव्हते आणि आता तो तिसऱ्यांदा मागत होता. ‘सातांच्या सत्तर वेळा क्षमा करायची असते,’ असे मंडळीतल्या (चर्चमधल्या भाविकांपैकी) कुणीतरी तिला बजावले होते. नाही म्हणावेसे वाटते म्हणजे आपली क्षमाच खोटी, या समजुतीने तिने प्रभुभोजन (चर्चमधला भाकर व द्राक्षारस घेण्याचा विधी) घेणेही थांबवले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा १८ वा अध्याय तिने आणि मी सलग वाचला. सत्तर वेळांचे वचन २२ वे. त्याच्या आधी, १५ ते १७ मध्ये, अपराध करणाऱ्याला एकांतात चूक दाखवा, ऐकले नाही तर एकदोघांना सोबत न्या, मगच मंडळीला सांगा, असा क्रम दिला आहे. म्हणजे क्षमा करणाऱ्याने गप्प बसावे असे तिथे नाही. मार्काच्या शुभवर्तमानातल्या ११:२५ प्रमाणे क्षमा प्रार्थनेतच करता येते, समोरच्यासाठी थांबावे लागत नाही. समेटाला मात्र दोघे लागतात. आणि विश्वास वागणुकीतूनच परत येतो. तो मागितल्याने मिळत नाही. या तिन्हींची गल्लत झाली की भाविक माणूस उगाच स्वतःला दोषी ठरवतो.

तिने आधी कागदावर लिहिले: रक्कम किती, कधी दिली, त्यापायी घरात काय अडले. ही पायरी गाळू नये. नुकसान न मोजता ‘सोडून दिले’ म्हटले की तेच पुढे टोमण्यांतून वसूल होते. पहिली उसनवारी तिने पूर्ण सोडली. त्या पैशांचा उल्लेख पुन्हा करायचा नाही, हे त्यातच आले. दुसरी दरमहा हप्त्याने परत घ्यायची असे ठरवले. नवे पैसे द्यायचे नाहीत. औषधाची निकड असेल तर बिल थेट दुकानात भरायचे.

‘सध्या हात तंग आहे’ असे सांगू का, असे तिने विचारले. ते खोटे होते. शिवाय हात मोकळा झाला की मागणी पुन्हा आलीच असती. म्हणून वहिनीसमोर नाही, फोनवर नाही, समोरासमोर बसून ती एवढेच म्हणाली, ‘दादा, माझ्या मनात राग ठेवलेला नाही. आधीचे फिटेपर्यंत नवे देणार नाही. हप्ता किती जमेल ते तू सांग.’

दादा चिडून उठून गेला. तिला वाटले, सगळे बिघडले. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (१२:१८) शांती राखायला सांगताना ‘तुमच्याकडून होईल तितके’ अशी मर्यादा घातलेली आहे, ती तिला दाखवली. तिच्याकडचे करून झाले होते. पुढच्या रविवारी तिने प्रभुभोजन घेतले. हप्त्याचा आकडा अजून आलेला नाही.