मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इंडस्ट्रियल रोबोटिक्सला सुरुवात कुठून करू?

तू निपाणीचा, बेळगावात शिकतोस आणि विचारतोस की आधी पायथन शिकू की डेनाव्हिट-हार्टेनबर्गच्या मॅट्रिक्स, म्हणजे सांध्यांच्या कोनांवरून हाताचं टोक कुठे येतं ते काढायचं गणित, पक्क्या करू. तुला अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस, माझी धाकटी तुझ्याच वयाची आहे. उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये माझी २१ वर्षं गेली, त्यातली शेवटची सात रोबोटच्या सेलवर, म्हणजे कुंपणाच्या आत रोबोट आणि मशीन मिळून काम करतात तिथे. मला विचारशील तर आधी फिक्श्चर शीक, म्हणजे जॉब, कामाचा तुकडा, ठरल्या जागी पक्का बसवायची चौकट.

का ते सांगतो. आमच्याकडे पहिला रोबोट आला तेव्हा काम साधं होतं. ट्रेमधलं कास्टिंग उचलायचं आणि सीएनसीच्या चकात, जॉब पकडणाऱ्या जबड्यात, द्यायचं. ट्रायलला बारा जॉब लावले, बाराही नीट बसले, नारळ फुटला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी फाउंड्रीतून नवा लॉट आला आणि तिसऱ्याच जॉबला कास्टिंग चकात तिरकं घुसून अडकलं. मी दोन दिवस प्रोग्रॅम तपासत बसलो, तेच तेच पॉइंट परत शिकवले. शेवटी फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणाऱ्या खात्यातल्या, एका जुन्या कामगाराने कास्टिंग हातात घेतलं, पार्टिंग लाइनवरून, मोल्डचे दोन अर्धे जुळतात त्या रेषेवरून, अंगठा फिरवला आणि न बोलता माझ्यापुढे धरलं. तिथे फ्लॅश, सांध्यातून बाहेर आलेल्या धातूची कड, राहिला होता, दीडेक मिलिमीटरचा. ट्रायलचे बारा जॉब घासून साफ केलेले होते. या लॉटचं कास्टिंग ट्रेमध्ये त्या फ्लॅशवर टेकून कलतं बसत होतं. प्रोग्रॅममध्ये एका अक्षराचीही चूक नव्हती.

कॅमेरा किंवा सेन्सर लावला नसेल तर रोबोट आंधळा असतो. काल जिथे गेला तिथेच आज जाणार, जॉब तिथे असो वा नसो. १० किलोच्या आसपास वजन उचलणाऱ्या रोबोटची रिपीटेबिलिटी साधारण ±०.०५ मिमी असते, म्हणजे शिकवलेल्या जागी तो तेवढ्या फरकाने परत येतो. अॅक्युरसी वेगळी. कॉम्प्युटरवर काढलेला एक्स-वाय-झेड तू त्याला दिलास तर प्रत्यक्षात तो कुठे पोचतो, ती अॅक्युरसी, आणि ती बरीच ढिली असते. परीक्षेत हा फरक दोन मार्कांना येतो, शॉपमध्ये सगळी सेल त्यावर उभी असते. रोबोट पाच शतांश मिलिमीटरचा आणि कास्टिंग दीड मिलिमीटर इकडे-तिकडे, मग उपाय कुठे करायचा हे तूच बघ.

आता फिक्श्चर का म्हणालो ते. कुठलीही वस्तू सहा प्रकारे हलू शकते, तीन दिशांना सरकते आणि तीन अक्षांभोवती फिरते. जिग-फिक्श्चरमध्ये ३-२-१ शिकला असशील: तळाला तीन टेकू, एका बाजूला दोन, तिसऱ्या बाजूला एक. सहा टेकूंनी सहा हालचाली बंद. रोबोटलाही सहा अक्ष याच हिशेबाने असतात. पहिले तीन मनगटाला जागेवर नेतात, पुढचे तीन त्याला हवं तसं वळवतात. म्हणजे फिक्श्चर ज्या सहा गोष्टी बांधून ठेवतं, नेमक्या त्याच रोबोट मोकळ्या ठेवतो. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धा विषय सोपा जातो. आम्ही शेवटी ट्रेचे टेकू पार्टिंग लाइनपासून दूर, मोल्डच्या एकाच अर्ध्यात येणाऱ्या पृष्ठभागावर नेले. पॉइंट पुन्हा एकदाच शिकवावे लागले.

एक हिशेब वहीत करून बघ. हात १ मीटर लांब आहे आणि खांद्याच्या सांध्यात फक्त ०.१ अंशाची चूक आहे. टोकाला किती? पावणेदोन मिलिमीटर. म्हणून तर सांध्यांत साधे गिअरबॉक्स चालत नाहीत, जवळजवळ शून्य बॅकलॅशचे, म्हणजे दात्यांत ढिलाई नसलेले, हार्मोनिक किंवा सायक्लॉइडल रिड्यूसर लागतात.

पेलोडचंही, म्हणजे उचलायच्या वजनाचंही, असंच. रोबोटवर १० किलो लिहिलं म्हणजे १० किलोचा जॉब उचलतो असं नाही. ग्रिपर, म्हणजे टोकाचा पकडणारा पंजा, ४ किलोचा असेल तर जॉबला उरले ६. त्यातही वजन मनगटापासून जितकं लांब, तितकी ताकद आणखी कमी. नवीन पोरं कोटेशन वाचताना इथेच फसतात.

मॅट्रिक्स आणि पायथन नको असं मी म्हणत नाही. डेनाव्हिट-हार्टेनबर्ग पद्धत १९५५ सालची, अजून शिकवतात, शीक. पण त्याआधी दोन लाकडी पट्ट्या घे, ३०० आणि २०० मिमीच्या, स्क्रूने जोडून पाटावर एक टोक पक्कं कर. दुसरं टोक एका खुणेवर ने. कोपर डावीकडे ठेवूनही पोचेल, उजवीकडे ठेवूनही. टोकाच्या जागेवरून सांध्यांचे कोन काढायचे ते इन्व्हर्स किनेमॅटिक्स, त्याची दोन उत्तरं म्हणजे हीच. पट्ट्या सरळ ताणल्या की दोन्ही उत्तरं एक होतात. तीच सिंग्युलॅरिटी, तिथे खरा रोबोट अडखळतो. प्रोग्रॅमच्या भाषा कंपनीगणिक बदलतात, कुकाची केआरएल, एबीबीची रॅपिड. सगळीकडे हालचाली मुख्यतः दोनच, सांध्याने जाणं आणि सरळ रेषेत जाणं. ते पंधरा दिवसांत येतं.

१९६१ मध्ये न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात पहिला औद्योगिक रोबोट, युनिमेट, लागला, तोही डाय-कास्टिंगचे तापलेले जॉब उचलायला. हे काम मुळात ओतकामवाल्यांचंच आहे. बेळगावात उद्यमबाग, मच्छे, तिकडे कोल्हापूरला शिरोली, गोकुळ शिरगाव, या औद्योगिक वसाहतींत सुट्टीत कुठेही ओळख काढून आठवडाभर उभा राहा. ऑपरेटर गोकाक-अथणीचा असेल तर मोडक्या कन्नडमध्ये विचार, तो मनापासून सांगतो.

पण एक ऐक. शिकवण्याच्या मोडमध्ये टोकाचा वेग सेकंदाला २५० मिमीवर बांधलेला असतो आणि पेंडंटमागचा, म्हणजे रोबोटला शिकवायच्या हातातल्या कंट्रोलमागचा, स्विच सोडला किंवा घाबरून जोरात दाबला, दोन्हीला हात थांबतो. ऑटोमध्ये यातलं काही नाही. तिथे स्तब्ध दिसणारा रोबोट बंद असेलच असं नाही, बरेचदा तो चक उघडल्याच्या सिग्नलची वाट बघत असतो. आत जायचं असेल तर ऑटो बंद करून, कुंपणाचं दार उघडंच राहील असं त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची.