मराठी टायटलला आउटलाइन दिली की शिरोरेषेवर रेघा का येतात? आणि फोटोला स्टिकरसारखी कड कशी द्यायची?

तुम्ही डाविंची रिझॉल्व्ह (व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) वापरताय म्हणून त्यातलंच सांगतो. पहिलं दुखणं माझंही होतं.

मी ठाण्यात राहतो, राम मारुती रोडवरच्या दिवाळी पहाटचं शूट केलं होतं, गर्दी एवढी आणि त्यात रंगीबेरंगी झब्बे नि साड्या, पांढरं टायटल त्यात पार हरवून गेलं. म्हणून काळी आउटलाइन दिली तर 'पहाट' मधला ह आणि त्याचा काना यांच्यामध्ये शिरोरेषेवर काळी चीर. आई म्हणाली, हे फाटलंय का रे? मला वाटलं फॉन्ट करप्ट आहे, तीन फॉन्ट बदलले, तेच.

होतं काय, आपल्याला शिरोरेषा सलग दिसते पण फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी हे सुटे तुकडे असतात आणि ते एकमेकांवर जरासे चढलेले असतात. सॉफ्टवेअर प्रत्येक तुकड्याला वेगळी आउटलाइन मारतं, मग जोडावर रेघ दिसणारच. साध्या इंग्रजी फॉन्टमध्ये अक्षरं सुटीच असतात, त्यामुळे ट्युटोरियलवाल्यांना हा त्रास कधी होतच नाही आणि म्हणून ते सांगतही नाहीत.

उपाय एकदम गावठी आहे. टेक्स्ट प्लस (रिझॉल्व्हचं टायटल) घ्या, इन्स्पेक्टरमध्ये, म्हणजे क्लिपच्या सेटिंग्जच्या पॅनलमध्ये, शेडिंग टॅब, तिथे एलिमेंट २ निवडून एनेबल्ड टिक करा, लाल आउटलाइन येईल, रंग नि थिकनेस बदला. आता ही क्लिप ऑल्ट दाबून वरच्या ट्रॅकवर ओढा म्हणजे कॉपी होईल, आणि वरच्या कॉपीत एलिमेंट २ बंद. वरची कोरी अक्षरं खालच्या सगळ्या चिरा झाकून टाकतात, बाहेरची कड तेवढी उरते. कड बारीक वाटली तर खालच्या क्लिपचा थिकनेस वाढवा. स्पेलिंग मात्र आधीच तपासा नाहीतर दोन्हीकडे सुधारत बसाल (मी बसलोय), आणि अ‍ॅनिमेशन द्यायचं असेल तर दोन्हीची कंपाउंड क्लिप करून, म्हणजे दोन्ही एकाच क्लिपमध्ये बांधून, मगच द्या. हीच युक्ती अ‍ॅडोबीच्या प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्येही चालते, फक्त तिथे जोडाक्षरं तुटत असतील तर आधी प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्समध्ये जाऊन साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न निवडा.

फोटोचं म्हणाल तर आधी बॅकग्राउंड काढलेला पीएनजी पाहिजे, जेपीजीला दिलीत तर चौकटीलाच कड लागेल, पासपोर्ट फोटोसारखी. मग फ्युजनमध्ये (रिझॉल्व्हचं इफेक्ट्सचं पान, तिथे नोड नावाचे डबे वायरने जोडायचे असतात) मीडियाइनमधून, म्हणजे तुमच्या फोटोच्या नोडमधून, एक वायर आकार फुगवणाऱ्या इरोड डायलेट नोडला, तो पुढे पांढऱ्या बॅकग्राउंड नोडच्या निळ्या मास्क इनपुटला. शेवटी मर्ज (दोन चित्रं एकावर एक ठेवणारा नोड), त्याच्या पिवळ्या टोकाला ते बॅकग्राउंड आणि हिरव्याला मूळ फोटो. इरोड डायलेटचा अमाउंट अगदी थोडा थोडा वाढवा, फिल्टर सर्कल ठेवा म्हणजे कोपरे गोल येतात.

आणि हो, पीएनजीमध्ये माणूस अगदी काठाला चिकटलेला असेल तर तिथे कड कापली जाते, कारण तिला पसरायला जागाच नसते. फोटोशॉप किंवा गिंपमध्ये कॅनव्हास चारही बाजूंनी थोडा मोठा करून परत सेव्ह करा.