मुदत रिपोर्ट वाचल्यापासून नव्हे

डिचोलीहून एका वाचकांनी लिहिले आहे. त्यांच्या आई घरीच पेरिटोनियल डायलिसिस, म्हणजे पोटात नळीने द्रव सोडून रक्त शुद्ध करण्याचा उपचार, करीत असत. पोटातून निघणारे पाणी गढूळ दिसल्यावर त्यांना खाजगी रुग्णालयात हलवले, पण अँटिबायोटिक लागू पडले नाही आणि नवव्या दिवशी कॅथेटर, म्हणजे पोटातली ती नळी, काढावा लागला. डिस्चार्जच्या फाईलमधला कल्चर रिपोर्ट (कोणता जंतू आहे आणि त्यावर कोणते औषध चालते, हे सांगणारा) वाचकांनी गेल्या महिन्यात प्रथमच वाचला. रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगात तक्रार करण्याची दोन वर्षांची मुदत त्या दिवसापासून मोजता येईल का, असे ते विचारतात. अशी पत्रे मला नेहमी मुदत संपत आल्यावरच येतात.

त्या दिवसापासून मोजता येईल, असे मी सांगणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. हानी लपलेली असेल तर ती कळल्यापासून, किंवा वाजवी दक्षतेने कळू शकली असती तेव्हापासून, मुदत धरता येते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली हे तत्त्व लावले ते गोव्यातल्याच सरकारी रुग्णालयातील एका परिचारिकेच्या प्रकरणात, आणि तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली. शस्त्रक्रियेत पोटात राहिलेला गॉज (जाळीदार कापड) नऊ वर्षांनी निघाला होता, तरी मधल्या काळात दुखत असताना तिने चौकशी का केली नाही, हा प्रश्न तिला नडला. तुमच्याकडे तर रिपोर्ट घरच्या कपाटातच पडून होता.

कॅथेटर गणेश चवथीच्या आदल्या दिवशी काढला, असे तुम्ही लिहिता. चवथीवर हिशेब करू नका. तिथी पुढेमागे सरकते. रिपोर्टवरची तारीख त्याहून आधीची आहे, तीच आरंभ धरा. वैद्यक परिषदेकडे चौदा महिने पडून असलेल्या अर्जाने मुदत थांबत नाही, रुग्णालयाला पाठवलेल्या स्मरणपत्रांनीही नाही. गोव्यातील जुन्या पोर्तुगीज दिवाणी संहितेतील लांब मुदतीचा तुमच्या काकांनी दिलेला हवालाही इथे निरुपयोगी आहे, कारण ग्राहक कायद्याला स्वतःची मुदत आहे. विलंब माफीची तरतूद आहे खरी, पण ‘फाईल उघडली नाही’ हे कारण मला तरी आयोगापुढे मांडवणार नाही.

गुणदोषांविषयी मी जपूनच बोलेन. औषधाला दाद न देणारा जंतू निघाला, एवढ्याने निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. घरी पिशवी बदलताना स्वच्छता पाळली नसेल, असेही रुग्णालय म्हणेल. रिपोर्टमध्ये सेफ्टाझिडिम या अँटिबायोटिकपुढे ‘आर’ आहे, म्हणजे जंतूवर ते चालत नाही, आणि नर्सिंग चार्टवर तेच इंजेक्शन पुढे चार दिवस दिसते. प्रकरणात जीव असलाच तर तो या चार दिवसांत आहे. योग्य औषधानेही पाच दिवसांत पाणी निवळले नाही तर कॅथेटर काढावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मात्र ती कायदा नव्हेत आणि पाण्यातील पांढऱ्या पेशी घटत असतील तर थांबायला वाव देतात. त्यामुळे बाहेरच्या एखाद्या मूत्रपिंडतज्ज्ञाचे लेखी मत घ्या.

उरलेल्या कागदांसाठी आजच लेखी मागणी करून पोच घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या विनियमांप्रमाणे ते 72 तासांत मिळायला हवेत. न मिळाल्यास त्यांच्यासाठी थांबू नका, आहे त्यावर उत्तर गोवा जिल्हा आयोगात तक्रार दाखल करा. निकाल तीन महिन्यांत लावावा, असे कायदा म्हणतो. त्यावर विसंबून कसलेही बेत आखू नका. तक्रार तुमच्या नव्हे, आईंच्या नावे जाईल, तेव्हा प्रतिज्ञापत्रावरील सहीसाठी त्यांचा डायलिसिस नसलेला दिवस निवडा, आणि तो याच आठवड्यातला असू द्या.