खोटं बोलावं की नाही, एवढंच सांगा ना!

प्रश्न: सर, हल्ली तत्त्वज्ञानाची लेक्चर्स ऐकायला लागलोय. नीतिशास्त्राचं म्हणून एक लावलं तर बाई तासभर कान्ट या जर्मन तत्त्वज्ञानं १७९७ साली काय लिहिलं तेच सांगत बसल्या, खोटं बोलावं की नाही ते राहिलंच. हा इतिहास कशाला?

उत्तर: वैताग समजू शकतो, पण तो निबंध खरंच भारी भानगड आहे. खुनी दारात येऊन विचारतो तुमचा मित्र आत आहे का, आणि कान्ट म्हणतो तरीही खोटं बोलायचं नाही. नुसतं एवढंच ऐकलं तर माणूस निर्दयी वाटतो आणि विषय तिथंच संपतो. पण तो बेंजामिन कॉन्स्टंट नावाच्या फ्रेंच लेखकाला उत्तर देत होता, वाद होता खरं ऐकण्याचा हक्क सगळ्यांना असतो का यावर, म्हणून काही अभ्यासक म्हणतात की हा निबंध नीतीपेक्षा कायद्याबद्दल जास्त आहे. (मला ते अर्धंच पटतं.) मग कान्टला मोडीत काढायच्या आधी तो नेमकं काय म्हणाला हे बघावंच लागतं ना.

शिवाय एलिझाबेथ अ‍ॅन्सकम या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी १९५८ मधे म्हटलं की आपलं ‘नैतिक कर्तव्य’ हे देवाच्या कायद्याच्या कल्पनेतून उरलेलं आहे, कायदा देणारा गेला आणि शब्द राहिला. आता हे पटो न पटो, इतिहासाशिवाय तपासणार कसं?

आणि लेक्चरच्या शेवटची प्रश्नोत्तरं सोडू नका, वक्त्याची खरी परीक्षा तिथंच होते.