थेंब कधी घसरतो? सुरुवात करताना एवढं सांभाळा

फळीवर पृष्ठभाग ठेवायचा, त्यावर पाण्याचा थेंब सोडायचा, आणि फळी कलवत थेंब किती अंशांना घसरतो ते पाहायचं. पृष्ठभाग म्हणून काचपट्टी, गुलाबाची पाकळी आणि अळूचं पान पुरे. कॅमेरा फोनचाच चालेल, पण तो पृष्ठभागाच्या पातळीत, कडेने धरा. वरून घेतलेल्या फोटोत थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो कोन दिसतच नाही.

नवख्यांचे बहुतेक प्रयोग घाणीने फसतात. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, डिस्टिल्ड पाण्याने धुवा, उभी ठेवून वाळवा. त्यानंतर बोट लागलं तर पुन्हा पहिल्यापासून! नळाचं पाणी वापरू नका. ते वाळलं की क्षार उरतात आणि पुढचा थेंब तिथेच अडकतो.

- थेंब दर वेळी २० मायक्रोलिटरचाच (मिलिलिटरचा पन्नासावा भाग) हवा. १०० युनिटवाल्या इन्सुलिन सिरिंजवर हे २ युनिट (४० युनिटवाली घेतलीत तर हिशेब चुकेल). सुई पृष्ठभागाच्या अगदी जवळ ठेवा. उंचावरून सोडलेला थेंब आदळून पसरतो.
- फळी सेकंदाला साधारण १ अंश अशी हळू कलवा. हिसका बसला की थेंब वेळेआधीच सुटतो.
- ओल्या वाटेवर दुसरा थेंब नको, जागा बदला. निदान पाच वाचनं घ्या.

थेंब गोल दिसला म्हणजे तो घसरणारच, ही सर्वांत मोठी चूक. अळवावरचं पाणी घरंगळतं. गुलाबाच्या पाकळीवर तसाच टपोरा थेंब, लहान असेल तर, पाकळी उलटी केली तरी चिकटून राहतो. कलत्या थेंबाच्या पुढच्या आणि मागच्या कडेचे कोन वेगवेगळे मोजा. त्यांतला फरक जितका मोठा, तितकी पकड घट्ट. सूत्रं आणि वेगमापन आत्ता बाजूला ठेवा.